छपराचा पूल, एमिली आणि गाडीवरचा ओरखडा

प्रश्न : मे महिन्यात मुलीकडे बॉस्टनला होतो. तिने व्हरमाँटमधल्या स्टो गावचा लाकडी पूल दाखवला. पुलाला चक्क भिंती आणि छप्पर! एमिली नावाच्या मुलीचं भूत तिथे गाड्यांवर ओरखडे काढतं म्हणे. संध्याकाळी आत उभी असताना वरून ‘कट्’ असा आवाज मी स्वतः ऐकला. घरी येऊन बघतो तर जावयांच्या गाडीच्या उजव्या दारावर ओरखडा! छप्पर कशासाठी आणि आवाज कसला?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, छप्पर माणसांसाठी नाही, पुलासाठीच. लाकडी पुलाचा जीव त्याच्या कैच्यांत, म्हणजे भार पेलणाऱ्या दांड्यांच्या सांगाड्यात असतो. सांध्यांत पाणी मुरलं की दहा-वीस वर्षांत लाकूड कुजतं. छपराखाली ते कोरडं राहतं, म्हणून १८४४चा तो पूल तुम्हाला बघायला मिळाला. आपण पावसाळ्याआधी भिंतीला झावळ्यांच्या झड्या बांधतो ना, तसंच.

आवाजाचं म्हणाल तर मी जन्मभर रेल्वेचे पूल तपासले. एकदा रात्री खाडीवरच्या लोखंडी पुलाखाली आम्ही बॅटरी घेऊन उभे, आणि डोक्यावर ‘खट्’! मुकादम माझा दंड धरून म्हणाला, “सायेब, गिऱ्हा हाय.” गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. तीस मीटरचा गर्डर पंधरा अंशांनी थंड झाला की पाचेक मिलिमीटर आखडतो. टोकाला अडकून बसलेला असला तर एकदम सुटतो, तेव्हा वाजतो. हे मी त्याला सांगितलं. तो ‘हो’ म्हणाला, पण दंड सोडला नाही. (खरं सांगायचं तर मलाही ते बरंच वाटलं.)

स्टोच्या पुलात लाकडी तिरप्या दांड्या आणि उभ्या लोखंडी सळ्या आहेत. गारव्याने लोखंड आखडतं, दमट हवेने लाकूड फुगतं. दोघांचं जमत नाही, सांधे कुरकुरतात.

एमिलीचं म्हणाल, तर कोणी म्हणतं प्रियकर आला नाही म्हणून तिने पुलातच गळफास घेतला, कोणी म्हणतं घोडागाडीच्या अपघातात गेली. अशा मुलीची गावात नोंद काही सापडलेली नाही. गिऱ्ह्याला तर आपण नावसुद्धा ठेवलं नाही.

राहिला ओरखडा. पूल एकेरी गाडीपुरता आहे. ओरखडा आडवा, सरळ आणि त्यात जुन्या लाकडाची कूस असेल, तर जावईबापूंना विचारा, पुलात शिरताना उजवी भिंत किती लांब होती. मुलीसमोर मात्र नको.