बिघडलेला तुकडा टाकू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि फोटो मिळाला. "चामड्यावर कोरायला लागून सहा आठवडे झाले, एक फूल धड येत नाही, सोडून देऊ का?" असं विचारलंयस. उत्तर देण्याआधी फोटो मोठा करून दोनदा पाहिला. तुझा हात कसा चालत होता ते त्यात स्पष्ट दिसतं, म्हणून आधी तेच सांगतो.

पाकळीच्या कापाच्या दोन्ही कडा फुगून एकमेकींना टेकल्यात, म्हणजे चामडं फार ओलं होतं. वळणावर काप खरवडल्यासारखा झालाय, म्हणजे पात्याची धार उतरली होती. बेव्हलरचे, म्हणजे कापाची कड दाबायच्या हत्याराचे, ठसे जिन्याच्या पायऱ्यांसारखे सुटे पडलेत, म्हणजे तू प्रत्येक ठोक्यानंतर हत्यार पूर्ण उचलतेस. आणि फूल गोल काढलं होतंस, ते लांबट झालंय. ठोकताना चामडं पसरलं, कारण मागच्या बाजूला टेप चिकटवली नव्हतीस. हे चार दोष. चारही मला चांगले ओळखीचे आहेत आणि चारही सुधारतात.

माझ्याकडं शिकायला आलेली बरीच पोरं पहिल्या दोन महिन्यांत थांबली. काम जड गेलं असं ती म्हणायची, पण त्यांच्यासोबत बसल्यावर मला दिसायचं की काय चुकलं हेच त्यांना कळत नव्हतं. "मला जमत नाही" असं म्हटलं की पुढं करण्यासारखं काही उरत नाही. "चामडं ओलं राहिलं" असं म्हटलं की उद्या सकाळचं काम ठरतं. तुझ्याकडून मला सध्या एवढंच हवंय. फूल कसंही येऊ दे, तुकडा खाली ठेवताना त्यातला एक दोष नावानिशी सांगता आला पाहिजे.

सगळ्यात आधी पाणी. निम्मं काम तिथंच होतं किंवा बिघडतं. जॅकेट आणि मऊ पर्स ज्याच्या होतात ते क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, चामडं कोरायला उपयोगाचं नाही, दाबलं की पुन्हा फुगून येतं. आपल्याला सालीवर कमावलेलं लागतं. आमच्याकडं बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. कातड्याची पिशवी शिवून त्यात सालीचं पाणी भरून टांगून ठेवायची, ही इथली जुनी रीत. असं चामडं पाणी पितं, मऊ होतं आणि वाळताना दाबलेला आकार धरून ठेवतं. मात्र चपलेचं म्हशीचं चामडं बारीक फुलाला भरड पडतं. तू गाईचं, तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडीचं व्हेज टॅन, म्हणजे असंच सालीवर कमावलेलं, घे.

स्पंजनं दोन्ही बाजू सारख्या भिजव, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळ आणि रात्रभर ठेव, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी बसते. सकाळी बाहेर काढून थांब. रंग जवळजवळ मूळचा झाला पाहिजे, पण गालाला लावल्यावर गार लागलं पाहिजे. तीच वेळ. घड्याळ लावून ती सापडत नाही. पावसाळ्यात तासन् तास जातात आणि तुझ्या नागपूरच्या मे महिन्यात ती वेळ हातातून निसटते. कूलरसमोर तर बसूच नकोस, एक कड वाळते आणि दुसरी ओलीच राहते. ओल बरोबर आहे की नाही याची एक खूण आहे: ठसा मारल्यावर दबलेली जागा गडद तपकिरी झाली पाहिजे. रंग चढत नसेल तर हत्यार खाली ठेव आणि दहा मिनिटं चहा घे.

मग स्विव्हल नाईफ, म्हणजे बोटांत फिरवत काप घ्यायचा चाकू. नवं पातं पाकिटातून काढल्याकाढल्या चालेल असं वाटतं, पण बहुतेक पाती आधी घासून आरशासारखी करावी लागतात. जाड पुठ्ठ्यावर ग्रीन कंपाउंड, म्हणजे धार चमकवायचा हिरवा खडा, लाव. पातं त्यावर मागं ओढायचं, कोन बदलू द्यायचा नाही. काम चालू असताना दर आठ-दहा मिनिटांनी पाच-सहा वेळा तरी. पातं कुठं अडखळलं तर दोष हातात शोधण्याआधी धारेत शोध. तर्जनी वर टेकलेली, अंगठा आणि मधलं बोट दांडी फिरवतात, चाकू आपल्याकडं ओढायचा. खोली चामड्याच्या जाडीच्या निम्म्यापर्यंतच, आणि रेघेच्या शेवटी हात हलका करत उचलायचा. एका कापावरून दुसऱ्यांदा जायचं नाही. पुढचे पंधरा दिवस एकही ठसा मारू नकोस. फक्त वळणं काप, रोज पंधरा मिनिटं. रविवारी तीन तास बसून आठवडाभर चाकूला हात लावला नाही तर बोटं विसरतात.

आपण याला कोरीवकाम म्हणतो, पण चामड्यातून कणभरसुद्धा काही निघत नाही. कापाच्या एका बाजूचं चामडं खाली दाबतो म्हणून दुसरी बाजू वर आलेली दिसते. हे मनात नीट बसलं की बेव्हलर कसा चालवायचा ते सुचतं. हत्याराचं टोक कापावरून सोडायचं नाही. मोगरीचे हलके, सारखे ठोके द्यायचे आणि प्रत्येक ठोक्याला हत्यार तांदळाच्या दाण्याहून कमी सरकवायचं. लोखंडी हातोडी नको, हत्यारांची डोकी पसरतात. खाली जड दगड हवा. ओट्याचं ग्रॅनाइट बसवणाऱ्याकडं उरलेले तुकडे पडलेले असतात, तेवढ्यानं भागतं.

लोखंडाबद्दल आणखी एक. मी एकदा एका गिऱ्हाइकाचा पट्टा कोरायला घेतला होता, चार दिवसांचं काम. त्याच टेबलावर आदल्या दिवशी कानशीनं ठसा मारायचं एक हत्यार घासलं होतं, त्याचा कीस पुसायचा राहिला. ओलं चामडं त्यावर ठेवलं आणि थोड्या वेळात शाईचे शिंतोडे उडावेत तसे काळे ठिपके उमटले. सालीतलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळा रंग तयार होतो, जुनी शाई याच गुणावर बनायची. तो पट्टा गेला. त्या दिवशी मीही हे सगळं सोडायचं म्हटलं होतं. पट्टा अजून भिंतीवर आहे, आणि टेबल पुसल्याशिवाय मी चामडं बाहेर काढत नाही.

तुला शेरिडनची नक्षी करायची आहे, हे वाचून बरं वाटलं. ती अमेरिकेतल्या वायोमिंगमधली, खोगिरं घडवणाऱ्यांची शैली, डॉन किंग यांच्या हाताखाली नावारूपाला आलेली. आज जपानमध्येही तिचे फार तयारीचे कारागीर आहेत. पडद्यावर ती फुलांची गर्दी वाटते, पण नीट बघ, जवळजवळ प्रत्येक फूल एका वर्तुळात बसवलंय आणि देठ त्या वर्तुळाच्या कडेनं फिरून पुढच्यात शिरतात. म्हणून पेन्सिल घे, बांगडी ठेवून कागदावर वर्तुळं काढ आणि देठ कुठून येऊन कुठं जातो ते शोध. डोळा तयार व्हायला चामडं खर्च करायची गरज नाही. वीज गेली असतानाही हे करता येतं.

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं लिहिलंयस, ते. मावशी म्हणाली, "एवढं शिकून चामड्याचं काम?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. तुझ्यासाठी तो टोमणा आहे, आमच्या घरासाठी तो पत्ता होता. आमची वस्ती, शाळेत बसायची जागा, पाणी कुणाच्या हातचं घ्यायचं, सगळं त्या एका शब्दावर ठरायचं. माझे वडील कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावर ठसे मारायचे. मोजपट्टी न लावता ओळ सरळ जायची, आणि त्याला कुणी कला म्हटलं नाही. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ते नव्हते. मावशीशी भांडू नकोस. पण हे शिकतेस ते पिढ्यान् पिढ्या लोकांनी हातात जपलेलं ज्ञान आहे, हे तिला शांतपणे सांग. सुट्टीत इकडं ये. आमच्या गल्लीत दोन दिवस बस आणि पट्ट्यावर ठसे मारणाऱ्यांची मनगटं बघ. ठोक्याची लय मला पत्रात लिहून दाखवता येत नाही.

सोबत पार्सल पाठवतोय. त्यात हातभर लांबीच्या सहा पट्ट्या आहेत, माझ्याच कामातून उरलेल्या. एक घासून तयार केलेलं पातं आणि ग्रीन कंपाउंडचा खडाही आहे. प्रत्येक पट्टीच्या मागं बॉलपेननं तारीख लिही आणि एकही टाकू नकोस. सहाही भरल्या की तशाच, न निवडता, मला पाठव. आधीचं फूलही त्यात घाल.

तुझा,
काका