पाटीवर 'ऑक्युपेशनल थेरपिस्ट' असंच लिही

प्रश्न : काका, मी मालवण तालुक्यातली. मुंबईत बीओटीएच (ऑक्युपेशनल थेरपीची पदवी) आणि इंटर्नशिप पुरी करून गेल्या वर्षी गावी परतले. कुडाळात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस बसते, बाकीचे दिवस पेशंटच्या घरी जाते. काम आहे, पण माझ्या विषयातलं बोलायला इथे कुणी नाही. सगळे मला 'फिजिओ मॅडम' म्हणतात. आई म्हणते, पाटीवरही तेच लिही, लोकांना कळेल तरी. बॅचच्या मैत्रिणी परिषदांना जातात, पेपर वाचतात. मी मागे पडतेय असं वाटतं. परत मुंबईला जाऊ का?

उत्तर : तू काका म्हटलंस, म्हणून मीही अगं-तुगं करतो. आधी पाटीचं बोलू.

आईची काळजी मला कळते. पाटी वाचून माणूस आत आला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. पण फिजिओथेरपीची पदवी वेगळी आणि तुझी वेगळी. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी 2021 साली जो केंद्रीय कायदा झाला, त्यातही हे दोन व्यवसाय वेगवेगळे धरलेले आहेत. दुसऱ्याचं नाव स्वतःच्या दारावर लावणं गैर आहेच, शिवाय तुझ्या मागून येणाऱ्या मुलीची वाटही तू अवघड करशील. 'ऑक्युपेशनल थेरपिस्ट' असंच ठसठशीत लिही आणि खाली साध्या मराठीत एक ओळ घाल : 'आजारपणानंतर जेवण, आंघोळ, कपडे, घरकाम पुन्हा आपलं आपण करता यावं यासाठी.' ही ओळ वाचून आत येणारा माणूस योग्य दारात आलेला असेल.

मी इतक्या आग्रहाने सांगतोय त्याला कारण आहे. माझ्या वडलांना पक्षाघात झाला तेव्हा हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकलेला नव्हता. ज्या रुग्णालयातून त्यांना घरी सोडलं, तिथेही कुणी सांगितला नाही. व्यायाम झाले, काठी टेकत बाबा पडवीपर्यंत चालायला लागले, आणि सगळे म्हणाले, बरे झाले हो. पण जेवायला बसले की त्यांची मान खाली. उजव्या हाताच्या बोटांना पेडव्याचा काटा लागेना. आई काटे काढून मासा त्यांच्या ताटात सरकवायची. महिनाभराने त्यांनी मासे खाणंच सोडलं. आमच्याकडे माणूस मासे सोडतो तेव्हा घरात काय होतं, हे तुला सांगायला नको.

आठ महिन्यांनी मुंबईत एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंची गाठ पडली. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्हाला कुठलं काम परत करायचंय?" बाबा म्हणाले, "पेडवे खायचेत." बाईंनी कणकेचा गोळा घेतला, त्यात झाडूच्या हिराचे तुकडे खोचले आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीने एकेक उपसायला लावला. आधी जाड तुकडे, मग बारीक, मग डोळे मिटून. कितीतरी दिवस आमच्या घरात कणकेचा एक गोळा वेगळा ठेवलेला असायचा. नंतर एका दुपारी बाबांनी स्वतः काटा काढला आणि ताटाच्या कडेला नीट लावून ठेवला. तो काटा मला अजून दिसतो.

ही हिराची युक्ती त्या बाईंपाशीच राहिली. त्यांनी ती कुठे मांडली असेल असं मला वाटत नाही. वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत किती घरांत ती उपयोगी पडली असती! तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. आपल्या व्यवसायातल्या लोकांत मिसळायचं म्हणजे त्यांच्याकडून काय मिळेल एवढंच तू बघते आहेस. तुझ्याकडे जे आहे ते त्यांच्यापर्यंत पोचवणं हा त्याचाच दुसरा अर्धा भाग, आणि तो मालवणात बसून होतो. पेशंट तपासायच्या छापील तक्त्यात 'स्वतः जेवतो का' एवढा एकच रकाना असतो. विळीवर बसून नारळ खवणारी बाई, फाटलं जाळं शिवणारा म्हातारा, दिवसभर काजू फोडून मनगट भरून येणारी कामगार, यांचे हात तू रोज बघतेस. तुझ्या मैत्रिणींना ते बघायला मिळत नाहीत.

आता करायचं काय. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी राज्य परिषद, म्हणजे कौन्सिल, आहे. तिथली नोंदणी झाली असेलच. राहिली असेल तर आजचा अर्ज उद्यावर टाकू नकोस. त्यानंतर अखिल भारतीय ऑक्युपेशनल थेरपिस्ट असोसिएशनचं सदस्यत्व घे. पुढच्या कमाईतून घे, आणि नुसती पावती फाइलला लावून थांबू नकोस. स्थानिक शाखेला मेल कर, मी सिंधुदुर्गात काम करते, कुठल्या समितीत मदत लागली तर सांगा, म्हणून कळव. कार्यक्रमाची नोंदणी सांभाळणं, मराठीत माहितीपत्रक लिहिणं, असली कामं करायला माणसं नेहमीच कमी पडतात. अशा कामातच ओळखी होतात. नुसतं खुर्चीत बसून व्याख्यान ऐकलं की जेवणाच्या रांगेतसुद्धा आपण एकटेच असतो.

या संघटनेकडे परकं म्हणून बघू नकोस. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकरांनी 1950 साली मुंबईत केईएम रुग्णालयात देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. दोनच वर्षांत, 1952 मध्ये, संघटना उभी राहिली आणि त्याच साली जागतिक महासंघ स्थापन करणाऱ्या दहा देशांत भारत होता. तेव्हा देशभरात या विषयाची माणसं ती किती असणार! सगळी मिळून आज तुझ्या एका बॅचला सोबत करतील एवढीच. तरी त्यांनी आपलं नाव बदलून घेतलं नाही.

मग परिषद. संघटनेची राष्ट्रीय परिषद दर वर्षी भरते. तिला जाण्यासाठी महिन्याला थोडे पैसे बाजूला टाक. मुंबईतल्या रविवारच्या कार्यशाळेला तर शनिवारी संध्याकाळी कुडाळला कोकणकन्येत बसलीस की पहाटे तू पोचतेस. पहिल्या वर्षी नुसती ऐकायला जा. दुसऱ्या वर्षी एक पोस्टर घेऊन जा. विषय मोठा नको. विळीची उंची बदलल्यावर एका बाईच्या कंबरेचं आणि मनगटाचं काय झालं, तीन महिन्यांच्या नोंदींसकट, एवढं पुरेसं आहे. त्यासाठी आजपासून प्रत्येक पेशंटची तारीखवार वही ठेव. संघटनेचं त्रैमासिक इंटरनेटवर वाचता येतं. त्यातल्या एकेका पेशंटवरच्या नोंदी वाच, म्हणजे कसं लिहितात ते कळेल.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. आपला मुलूख लहान आहे. 'देवगडचे एक निवृत्त हेडमास्तर, माडावरून पडलेले' एवढं म्हटलं की अर्धा तालुका नाव ओळखतो. त्यामुळे मैत्रिणींच्या गटात बोलतानाही गाव बदल, वय मोघम ठेव, आणि फोटो परवानगीशिवाय कधीच नको.

मैत्रिणींचा विषय निघालाच आहे. बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर वाढदिवसाचे केक फिरत असतील. त्यातल्या चार-पाच जणींना वेगळं विचार : महिन्यातून एका रात्री तासभर व्हिडिओ कॉल, प्रत्येक वेळी एकीने आपला अडलेला पेशंट मांडायचा. झालेला नव्हे, अडलेला. पहिला तू मांड. तुम्हाला शिकवलेल्या एखाद्या मॅडमना दर तीन महिन्यांनी बोलावून घ्या. शिक्षकांना असं बोलावणं आवडतं.

इथेही तू वाटतं तेवढी एकटी नाहीस. ओरोसच्या सरकारी रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ, विशेष शिक्षक, तालुक्यातले फिजिओथेरपिस्ट, आशाताई, दिव्यांग मुलांचे आईवडील, ही सगळी तुझीच माणसं. फिजिओथेरपिस्टशी तर आवर्जून मैत्री कर. त्यांनी उभा केलेला पेशंट तुझ्याकडे आला पाहिजे आणि तुझ्याकडचा त्यांच्याकडे गेला पाहिजे. कधी रत्नागिरीला जाणं झालं तर तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात वेळ मागून भेट दे. तुझ्या व्यवसायाची मुळं मानसिक आरोग्यातही आहेत आणि खाजगी दवाखान्यात बसणाऱ्यांना त्याचा विसर पडतो.

शिबिरांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. एका दिवसात शंभर मुलं तपासायची आणि पुन्हा कुणी फिरकायचं नाही, अशा शिबिरांना नाही म्हण. त्याऐवजी 27 ऑक्टोबरला, जागतिक ऑक्युपेशनल थेरपी दिनाला, एकाच कनिष्ठ महाविद्यालयात जा आणि बारावी सायन्सच्या मुलांशी बोल. नीटची परीक्षा म्हणजे एमबीबीएस आणि ते हुकलं की सगळं संपलं, असं त्यांना वाटत असतं. नीटच्याच गुणांवर तुझ्या कोर्सला प्रवेश होतो, हे त्यांना कोण सांगणार? त्यातली एक मुलगी जरी शिकून परत आली, तरी बोलायला तुझ्या शेजारी कुणीतरी असेल.

मुंबईला परत जायचं का? पुढे एमओटीएच (याच विषयातली पदव्युत्तर पदवी) करायचं म्हणून गेलीस तर आनंदाने जा. हात, लहान मुलं, मेंदूविकार, कशात पुढे जायचं ते इथल्या दोन वर्षांच्या वहीतून तुला नीट कळेल. पण एकटं वाटतं म्हणून आत्ता जाऊ नकोस. वर्षभर हे करून बघ आणि मग मला पुन्हा लिही.

आणि पाटी रंगवून घेशील तेव्हा रंगाऱ्याला अक्षरं आधी कागदावर मोठी लिहून दे. तो शब्द त्याने याआधी कधी रंगवलेला नसेल.