घरात आजारपण असताना धावायला जाणे

"घरात माणूस असा असताना मी पहाटे उठून धावायला जाते, हे बरोबर आहे का?" काळजीवाहकांकडून हा प्रश्न मी निरनिराळ्या रूपांत ऐकत आलो आहे. इथे सांगतो तो अनुभव, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, एका बाईंचा आहे.

त्यांच्या यजमानांच्या मेंदूला अपघातात इजा होऊन दोन वर्षे झाली होती. अशा रुग्णांच्या कुटुंबांना आधार देणाऱ्या एका संस्थेसाठी निधी जमवावा म्हणून त्यांनी मॅरेथॉन धावायचे ठरवले होते, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, आणि त्याआधी चार-पाच महिन्यांचा सराव. "नणंद बोलते त्याचे काही वाटत नाही," त्या म्हणाल्या, "माझे मनच मला खाते."

आधी मी साधी चौकशी केली. त्या बाहेर पडल्यावर घरी नेमके काय होते? रात्री सांगून ठेवलेले सकाळी यजमानांच्या लक्षात राहत नसे. ते उठत, घर रिकामे पाहून घाबरत आणि त्या परतल्या की संतापत. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली असेल तर राग आवरणे खरोखरच अवघड जाते, ते हट्टाने घडत नसते. उपायही साधाच निघाला. पलंगासमोर एक पाटी लागली, "धावायला गेले आहे, सात वाजता येते", आणि शेजारी घड्याळ. लांब धावण्याच्या दिवशी दीर सोबतीला येऊ लागले. बाईंच्या अपराधीपणाचा बराच भाग या व्यवस्थेच्या अभावातून आलेला होता, असे माझे मत आहे.

उरलेला भाग मात्र त्यांच्या पिशवीतल्या कागदात होता. देणगीच्या आवाहनात त्यांनी लिहिले होते, "अपघाताने माझा नवरा माझ्यापासून हिरावून नेला." मी विचारले, "त्यांनी हे वाचले आहे का?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. माणूस समोर आहे, पण पूर्वीचा नाही, अशा दुःखासाठी पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने १९७० च्या दशकात एक संकल्पना मांडली, तिला मराठीत अस्पष्ट वियोग म्हणता येईल. या दुःखाला तेरावे नसते, सांत्वनाला कोणी येत नाही. त्यामुळे बाईंचे वाक्य खोटे नव्हते. पण ते माझ्यापुढे बोलण्याचे होते, आणि ज्यांच्याविषयी ते होते त्यांना न विचारता चारचौघांत वाटण्याचे नव्हते.

पुढच्या भेटीला यजमान स्वतः आले. कागद त्यांनी सावकाश, बोट ठेवून वाचला आणि म्हणाले, "मी इथेच आहे. मला वेळ लागतो, आणि दमायला होते, एवढे लिही." बाई रडल्या. या दमण्याचा अर्थ आपल्याला नंतर, सरावात तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय उचलेनासे झाले तेव्हा थोडा कळला, असे त्यांनी पुढे सांगितले. तुलना अपुरीच आहे, कारण धावणाऱ्याची शक्ती काही दिवसांत भरून येते.

नवे आवाहन दोघांच्या नावाने गेले. शर्यतीच्या दिवशी गर्दी आणि गोंगाट सोसणार नाही म्हणून यजमान घरीच थांबले. स्मरणासाठी ठेवलेल्या त्यांच्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे: "दोन वाजता परत आली. पाय दुखतात म्हणते. गरम पाणी दिले."