युरियाची गोणी आणि तुझी केमिस्ट्री

प्रश्न : मी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा ऐन खरिपात बाबा युरियासाठी दोन दिवस रांगेत होते. दुकानदार म्हणाला, सोबत ही औषधाची बाटली घ्या, तरच गोणी. मला या खताच्या प्रश्नावर काम करायचंय. मामा म्हणतात, पुण्याला जाऊन कोडिंग शीक. काय करू?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबा ज्या गोणीसाठी उभे होते, तिचा माग काढ. ४५ किलोत जेमतेम २१ किलो नत्र. युरिया ज्यापासून बनतो तो अमोनिया हवेतल्या नत्रापासून करता येतो, हे फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये दाखवलं. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना सुरू झाला. तोवर खतासाठी आणि स्फोटकांसाठी चिलीच्या सोऱ्यावाचून, म्हणजे तिथल्या खाणीतल्या नत्रयुक्त क्षारावाचून, भागत नव्हतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी समुद्र अडवला, तरी जर्मनीची स्फोटकं या अमोनियावर बनत राहिली. पुढे चिलीचा सोऱ्याचा धंदा बसला.

आज अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढतात, आणि आपल्या खत कारखान्यांचा बराचसा वायू बाहेरून येतो. २०२१ मध्ये चीनने खतांची निर्यात आवळली, २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. दोन्ही वेळा खतासाठी आपली धावाधाव झाली.

आता पाण्यातून, सौर विजेवर हायड्रोजन काढून अमोनिया करायची धडपड चालू आहे. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन, हे आपल्या सरकारचं लक्ष्य आहे. जमलं, तर ऊन असलेल्या देशाला वायूवाल्यांपुढे हात पसरावे लागणार नाहीत. पण हा हायड्रोजन अजून महाग पडतो. शिवाय युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, आणि तो आज त्याच वायूतून मिळतो. वायू सोडला, तर तो आणायचा कुठून? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, आणि तो केमिस्ट्रीवाल्यांनीच सोडवायचा आहे.

म्हणून एम.एस्सी. कर. उत्प्रेरक आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्री हे विषय धर. आयआयटीसाठी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दे, माटुंग्याच्या आयसीटीचाही (रसायन तंत्रज्ञान संस्था) अर्ज भर. प्रोजेक्टसाठी पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) शास्त्रज्ञांना आत्तापासून ईमेल कर. दहांतले आठ उत्तर देणार नाहीत, तरी लिहीत राहा.

मामांचंही ऐक. पायथॉन शीकच, प्रयोगशाळेत रोज लागेल. फक्त त्यासाठी केमिस्ट्री सोडू नकोस. जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतात, त्याआधी फिजिकल केमिस्ट्री एकदा पूर्ण वाचून काढ.