दोन दिवस, एक घाट आणि मागच्या सीटवरची आजी

ठाणे

चिरंजीव,

जुन्नरकडच्या सहलीची तुझी यादी वाचली. माळशेज, नाणेघाट, ओझर, लेण्याद्री, शिवनेरी, नारायणगाव आणि परतीच्या वाटेवर भीमाशंकर. मे महिन्यातले दोन दिवस, गाडीत पाच माणसं, त्यांत एक आजी आणि एक सात वर्षांचं पोर. यातलं निम्मं आत्ताच खोडून टाक. नाणेघाट आणि भीमाशंकर पावसाळ्यानंतरसाठी ठेव. ओझर, लेण्याद्री, शिवनेरी एवढं नीट झालं तरी भरून पावलं.

खोलीचं आधी बघ. मे म्हणजे लग्नसराई. जुन्नर, ओतूर, नारायणगाव या भागातले लॉज आणि कार्यालयांच्या खोल्या वऱ्हाडी मंडळी अख्ख्या उचलतात, त्यामुळे 'तिथे गेल्यावर बघू' हे चालणार नाही. फोनवर तीनच प्रश्न विचार: त्या रात्री शेजारी लग्न किंवा वरात आहे का, आजीसाठी तळमजल्याची खोली मिळेल का, आणि संडास कमोडचा आहे का. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या शनिवार-रविवारी संकष्टी येते का तेही पाहून घे. येत असेल तर ओझर आणि लेण्याद्री, दोन्ही अष्टविनायकांतले, दर्शनाच्या रांगेतच अर्धा दिवस जाईल.

आता गाडी. तुझी सीएनजी आहे म्हणून हे सविस्तर लिहितो. शुक्रवारी रात्रीच गॅस भर, पहाटे पंपावर रांग लावत बसू नकोस. टाकीत दहा-बारा लिटर पेट्रोलही असू दे. पाच माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना गॅसवर गाडी दम टाकते. पायथ्याशीच पेट्रोलवर घे. डिकीत सिलिंडर असल्यामुळे सामानाला जागा थोडी, आणि खरी अडचण स्टेपनीची. बऱ्याच गाड्यांत ती सिलिंडरच्या आडोशाला किंवा खाली अडकवलेली असते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा ती बाहेर काढून बघ. जॅक कुठे आहे, पाना नटाला बसतो का, स्टेपनीत हवा आहे का. वर्षभर कुणी हात न लावलेली स्टेपनी बहुतेक वेळा निम्मी बसलेली निघते.

चाकांची हवा गाडी थंड असताना मोज. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो, तो धर. उन्हाळा आहे म्हणून हवा कमी ठेवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नकोस. कमी हवेचं टायर जास्त दबतं आणि बाजूने तापतं. उन्हाळ्यातले टायर फुटण्याचे प्रकार बरेचसे यातूनच होतात. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, 2319 म्हणजे 2019 सालातला तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा वर्षांच्या पुढचं टायर घेऊन भरल्या गाडीने घाटात जाऊ नये.

पंक्चर झालंच तर गाडी सपाट जागी घे, हँडब्रेक लाव, पहिल्या गिअरमध्ये ठेव, पंक्चर चाकाच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लाव. नट आधी जमिनीवरच अर्धा वळसा सैल करायचे आणि मग जॅक. नवशिके उलट करतात, चाक हवेत गरगरत राहतं आणि नट काही हलत नाही. आवळताना समोरासमोरचे नट आवळ, पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपास. स्टेपनी अरुंद असेल तर वेग 80च्या आत.

ठाण्याहून जुन्नर साधारण 140 किलोमीटर. पहाटे पाचला निघ. भिवंडी-कोनवरून कल्याण आणि शहाडचा पूल उजाडायच्या आत पार झाला, की म्हारळ, कांबा, रायते, गोवेली, मुरबाड असा रस्ता मोकळा मिळतो. तोच पूल आठनंतर तासभर खातो. मुरबाडला चहा आणि संडास, दोन्ही उरकून घ्या. पुढे सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशीपर्यंत बायकांसाठी धड सोय शोधावी लागते आणि नंतर थेट घाटच. आजी लाजेने बोलणार नाहीत, त्यांना तूच विचार.

पोराला घाटात मळमळणार, ते गृहीत धर. डोळे मोबाइलवर स्थिर आणि कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र वळणं मोजतोय, या भांडणातून उलटी होते. म्हणून मोरोशीपासून मोबाइल बंद, खिडकी थोडी उघडी, नजर लांबच्या डोंगरावर. पोट भरलेलं नको आणि अगदी रिकामंही नको. दोन बिस्किटं, आलेपाक. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, घाटाच्या बऱ्याच आधी. मळमळ सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नसतो.

चढताना तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद कर आणि रुंद जागी थांब. बॉनेट उघड, पण रेडिएटरच्या झाकणाला गाडी निवेपर्यंत हात लावू नकोस. आतलं पाणी दाबाखाली असतं, थेट तोंडावर उडतं. उतरताना, म्हणजे रविवारी, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की लायनर तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. वास आला की थांब, अर्धा तास गाडी निवू दे, चाकांवर पाणी ओतू नकोस. अरुंद वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

डब्याचं दोन ओळींत. दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या, लसणाची कोरडी चटणी, धपाटे, गूळपोळी. बटाट्याची भाजी नको. पहाटे गरम भाजी डब्यात कोंबून झाकण लावलं की दुपारपर्यंत आंबते. ओल्या खोबऱ्याचंही तेच. पाणी माणशी तीन लिटर, दोन बाटल्या रात्रीच बर्फ करून ठेव. दुपारी जेवायला मासवडी-रस्सा मिळाला तर सोडू नका, हा त्या मुलखाचा पदार्थ. पोराला मात्र रस्सा बेताने.

घाट चढलास की खुबी फाटा, मढ, मग ओतूर. नाश्ता तिथे. शनिवारी सकाळी ओझर, कारण तिथे चढ नाही आणि आजींचं दर्शन सुखाने होतं. अकरा ते चार खोलीवर पडून राहा. गावातली दुकानंही दुपारी मिटलेली असतात, उन्हात फिरून काही हाती लागत नाही. चारनंतर लेण्याद्री: तीनशेच्या आसपास पायऱ्या, वर बौद्ध लेणी आणि त्यांतच गिरिजात्मजाचं देऊळ. तिकीटखिडकी बंद व्हायची वेळ आधी विचारून घे. माकडं हातातली पिशवी ओढतात, खाऊ गाडीतच ठेवा. आजींना गुडघ्यांचा त्रास असेल तर डोलीची चौकशी पायथ्याशीच कर.

अंधार पडल्यावर उसाच्या कडेला गाडी थांबवायची नाही, लघवीलासुद्धा. हा बिबट्यांचा तालुका आहे. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उगीच नाही काढलेलं.

रविवारी साडेसहाला शिवनेरी. शिवाजी महाराजांचा जन्म इथला, 19 फेब्रुवारी 1630. सात दरवाजे मोजत चढायचा खेळ पोराला लाव, कुरकुर करणार नाही. अत्तर, डिओ लावू नका आणि आगपेटी काढू नका; कड्यांवर आग्या मोहोळं असतात. नऊला खाली, दहाला परतीला. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण प्रकल्पाच्या 45 मीटर व्यासाच्या 30 दुर्बिणींपैकी बऱ्याच आहेत. आत जायला आधी परवानगी लागते, तेव्हा या खेपेला नको. दुपारी तीनच्या आत कल्याण ओलांडलंस तर ठाण्यात चहाला पोचशील. पाच वाजवलेस तर शहाडच्या पुलावर सगळे एकमेकांवर चिडलेले असतील.

जुन्नरचा हापूस कोकणच्या मागून येतो, मेच्या उत्तरार्धात. पेटी घेतलीस तर कडक आंबा घे आणि डिकीत ठेवू नकोस. बंद डिकीत सिलिंडरशेजारी तो पिकत नाही, उकडतो. मागच्या सीटखाली, पेंढा न काढता ठेव. घरी पोचल्यावर बॅगांच्या आधी पेटी वर ने.

तुझा,
काका