जुन्या एमजीबीचे वायपर जागेवर परतत नसतील तर काय करावे?

आपल्या १९६४ च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे वायपर बटण बंद करताच काचेच्या मधोमध थांबतात, यावरून मोटर नव्हे, तर पाती ठरलेल्या जागी आणून थांबवणाऱ्या पार्किंग स्विचचा मार्ग तुटला असावा असे दिसते. या गाडीतील लुकास डीआर३ए मोटरला डॅशबोर्डवरील बटणातून अर्थिंग, म्हणजे विजेचा बॉडीकडे परतीचा मार्ग, मिळते. बटण बंद केल्यावर पाती खाली येईपर्यंत तेच अर्थिंग मोटरच्या गिअरवरील घुमटाकार झाकणातल्या पार्किंग स्विचमधून मिळत राहते आणि योग्य जागी तो स्विच उघडून मोटर थांबते. म्हणूनच मोटरची स्वतंत्र काळी अर्थ-वायर सैल किंवा गंजलेली असली, तरी वायपर एरवी उत्तम चालतात आणि दोष फक्त बंद करताना दिसतो. प्रथम त्या वायरच्या मोटरवरील टर्मिनलपासून बॉडीच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूला तात्पुरती वायर जोडून पाहावी. त्या काळच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, हे विसरू नये.

एवढ्याने भागले नाही, तर बॅटरी सोडवून झाकण उघडावे, आतील घट्ट झालेले काळे ग्रीस काढावे आणि संपर्कपट्ट्या हलक्या हाताने स्वच्छ कराव्यात.

वायपर थांबतात, पण चुकीच्या जागी, अशी स्थिती असेल तर झाकणाचे चार स्क्रू सैल करून घुमट थोडाथोडा फिरवावा. प्रत्येक चाचणी ओल्या काचेवरच घ्यावी, कारण कोरड्या काचेवर पाती अडतात आणि जुळणी चुकते. पाती हाताने ओढून जागेवर आणण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. त्याने गिअरचे दाते झिजतात.