चादरीवरचा डाग आणि डस्टबिनमधलं ब्लेड

आमच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, ‘नुसतं लागलं, मॅडम’ हे वाक्य फार ऐकू येतं. कुणाला लॉजचा टॉवेल लागलेला असतो, कुणाला संडासातला ओलावा, कुणाला बसच्या सीटवरचा लाल ठिपका. सागरला चादर लागली होती. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय तेवीस. यात्रेच्या गावातल्या लॉजवर हाउसकीपिंगला. गिऱ्हाइकाने खोली सोडली की चादरी काढायच्या, बाथरूम धुवायचं, डस्टबिन रिकामं करायचं. एका सकाळी चादर गोळा करताना ओलसर डाग बोटाला लागला. डाग वीर्याचाच होता, असं त्याचं ठाम मत. त्या बोटाची नखाजवळची साल निघालेली होती. आठवड्याभरात ताप आला, त्याने मोबाइलवर लक्षणं शोधली, आणि मोबाइलने निकाल देऊन टाकला.

माझ्यासमोर त्याने खासगी लॅबच्या रिपोर्टांची गड्डीच ठेवली. सगळे निगेटिव्ह. (लॅबवाले कुणालाच नको म्हणत नाहीत.) विंडो पिरियड, म्हणजे लागण झाली तरी तपासणीत न दिसण्याची मुदत, आपल्याकडे तीन महिने धरतात. शेवटचा रिपोर्ट चार महिन्यांनंतरचा होता. तरी घरी ताटवाटी वेगळी. लग्न ठरलेलं, पण मुलीचा फोन उचलायचा नाही. सॅनिटायझर चोळून चोळून बोटांना भेगा पडलेल्या. धड कातडी हे शरीराचं पहिलं कुंपण, आणि नेमकं तेच तो स्वतः मोडत होता.

“मॅडम, मशीन चुकलं असलं तर?”

‘काही होत नाही, घाबरू नका’ हे त्याला सगळ्यांनी सांगून झालं होतं. म्हणून मी त्याला उलटं काम दिलं. म्हटलं, त्या अनोळखी माणसाच्या अंगातून विषाणू निघाला आणि तुमच्या रक्तात पोचला, तो रस्ता तुम्हीच मला सांगा.

“त्याला एचआयव्ही असणार,” तो म्हणाला.

“असेल किंवा नसेल. असला आणि तो नियमित गोळ्या घेत असला, रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झालेला असला, तर संबंधांतूनसुद्धा तो कुणाला लागत नाही. पण धरू, आहे आणि औषध नाही. पुढे?”

“वीर्यात असतो ना?”

असतो. रक्त, वीर्य, योनीस्राव, गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध, एवढ्यांतून तो पसरतो. लाळ, घाम, अश्रू, लघवी यांतून पसरत नाही, त्यांत रक्त मिसळलेलं नसेल तर. इथपर्यंत सागरचं म्हणणं बरोबर होतं आणि मी तसं सांगितलंही. घाबरलेल्या माणसाचं जे बरोबर असतं ते आधी मान्य केलं, की पुढचं तो ऐकतो.

पुढचा टप्पा चादरीवरचा. एचआयव्हीच्या भोवती दुधावरच्या सायीसारखं पातळ, चरबीचं वेष्टन असतं. द्रव वाळायला लागला की ते बिघडतं, साबणाने विरघळतं, आणि वेष्टन गेलं की विषाणू निकामी. शेवटचा टप्पा बोटाचा. साल निघालेलं नख म्हणजे वाहती जखम नव्हे. इथे मी त्याला दवाखान्यातलं उदाहरण दिलं. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या रक्ताची सुई नर्सच्या बोटात घुसली, आणि नंतर काहीच औषध घेतलं नाही, तरी लागणीची शक्यता साधारण 0.3 टक्के. हजार जणांना अशी सुई टोचली, तर तिघांना.

“सुई आत जाऊनसुद्धा?”

“सुई आत जाऊनसुद्धा. तुमच्या बोटाला चादर लागलीय.” एड्सची पहिली नोंद 1981 सालची. तेव्हापासून आजवर चादर, टॉवेल, सीट यांच्यावरून कुणाला एचआयव्ही झाल्याची नोंद नाही. चादरीवरून खरोखर लागते ती खरूज, आणि तिला कुणी घाबरत नाही.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. कामावर कधी काही टोचलं, कापलं?

“ते काय, चालूच असतं.” मागच्याच महिन्यात डस्टबिनमध्ये हात घातला, तर दाढीच्या ब्लेडने अंगठा कापला. रुमाल बांधला आणि पुढची खोली घेतली. हे त्याने आपणहून सांगितलंच नव्हतं. ब्लेडला घाण वाटावी असं काही दिसत नव्हतं ना!

माझ्या लेखी त्याच्या पाच महिन्यांत विचार करण्यासारखी गोष्ट ही एकच होती. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा आजार. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. हिपॅटायटिस बीच्या रुग्णाला वापरलेली सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर लागणीची शक्यता 6 ते 30 टक्के. ब्लेडचा धोका सुईइतका नसतो, पण चादरीसारखा शून्यही नसतो. आणि सागरने लस घेतलेली नव्हती. बाळांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर आली 2011 मध्ये, त्याच्या लहानपणानंतर.

असं कापलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, दाबून रक्त काढत बसायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हिपॅटायटिस बीची लस जितकी लवकर, शक्यतो 24 तासांत, तितकी चांगली. एचआयव्हीचा धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं, तर 72 तासांच्या आत गोळ्या सुरू होतात आणि 28 दिवस चालतात. सागरची ती वेळ निघून गेली होती. त्याचं हिपॅटायटिस बी आणि सीसाठी रक्त घेतलं, दोन्ही निगेटिव्ह आले. लसीचा पहिला डोस सुरू केला. ब्लेडमुळे एचआयव्हीची तपासणी तीन महिने भरल्यावर एकदाच, तारीख मी देईन, मधे कुठल्याही लॅबची पायरी चढायची नाही, असं ठरलं.

पुढच्या आठवड्यात फोन. “मॅडम, त्या बोटाने मी डोळा चोळला होता, हे सांगायचं राहिलं.”

मला याचं आश्चर्य वाटलं नाही. माहितीने शंका फिटते, पण ध्यास फिटत नाही. दर रिपोर्टनंतर त्याला दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी नवीन शंका. हात धुणं थांबवता येत नव्हतं. मी त्याला आमच्याच मानसोपचार ओपीडीत पाठवलं. आधी बिचकला, “मी वेडा नाही.” वेडाचा संबंध नव्हता, भीतीचाही इलाज असतो. रात्री फार घाबरं झालं तर म्हणून टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर लिहून दिला. औषध आणि डॉक्टरांनी शिकवलेले सराव यांनी हातांच्या भेगा हळूहळू भरल्या.

लॉजवर आता चिमटा, जाड रबरी हातमोजे आणि ब्लेड टाकायला प्लॅस्टिकचा रिकामा कॅन आला आहे. सागरला काही झालंय का, म्हणून मालकाने केंद्रात फोन केला होता. इथे कोण येतं हेसुद्धा मी सांगू शकत नाही, एचआयव्ही-एड्सच्या 2017 च्या कायद्याने ते गोपनीय आहे, असं सांगून मी फोन ठेवला.

तीन महिन्यांची एचआयव्ही तपासणी झाली, निगेटिव्ह. हिपॅटायटिस सीवर लस नाही, म्हणून ब्लेडला सहा महिने होतील तेव्हा आणखी एकदा रक्त द्यायचं, आणि त्याच सुमारास लसीचा तिसरा डोस. मुलीला त्याने ब्लेडचं आणि लसीचं सांगितलं. मीपण घेऊ का, असं तिने त्याच्याकरवी विचारलं. मी म्हटलं, घ्या.